सबनीसकाकूंचे दोन बगळे

सकाळी आमच्या दाराची घंटा अर्धवट वाजायची आणि बाहेरून आवाज यायचा, "सुधीर, नाक हवंय." घरी कोणी पाहुणा असला तर तो दचकायचा. माझी बायको मंजिरी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "जा, तुझी ड्यूटी आली." मी अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून शेजारच्या फ्लॅटमध्ये जायचो. तिथे सबनीसकाकू स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून, हातात लायटर घेऊन उभ्या असायच्या. सिलेंडर नुकताच उघडलेला असायचा. मी ओट्याखाली वाकून, मग शेगडीजवळ जाऊन मोठमोठे श्वास घ्यायचो आणि म्हणायचो, "नाही वास. पेटवा, काकू." मग कुठे त्या लायटर दाबायच्या. निळी ज्योत धरली की आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडायचा.

काकूंना वास येत नव्हता. कशाचाच नाही. निवृत्त झाल्यावर एकदा बसमधून उतरताना त्या मागच्या मागे पडल्या, डोक्याला मार बसला, टाके पडले. टाके निघाले तेव्हा लक्षात आलं की वास गेला आहे. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत, नाही तर नाही. तो आला नाही.

मला हे कसं कळलं ते सांगतो. मी सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तर जिन्यात गॅसचा वास. आधी आमचा सिलेंडर तपासला, मग हुंगत हुंगत काकूंच्या दाराशी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत वास इतका, की डोळे चुरचुरले. काकू शेगडीसमोर उभ्या होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या आणि हातातली काडी त्यांनी काडेपेटीच्या कडेला टेकवलेली होती. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. त्यांचं मनगट मात्र इतकं घट्ट धरलं की त्यावर पुढे दोन-चार दिवस वळ होता. सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, नळीला गेलेली चीर पाहिली आणि आम्ही दोघं बाल्कनीत जाऊन उभे राहिलो.

"काकू, एवढा वास तुम्हाला आला नाही?"

त्या मनगट चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काहीच येत नाही रे. कोणाला सांगू नकोस. अभयला तर बिल्कुल नाही. तो मला उचलून गुडगावला नेईल."

अभय त्यांचा एकुलता एक मुलगा. गुडगावला काचेच्या इमारतीत नोकरी आणि उंचच्या उंच टॉवरमध्ये घर. मुलगा चांगला, आईवर जीव असलेला. त्याच्या घरात आईसाठी खोली तयार होती, खोलीत टीव्हीसुद्धा होता. काकू म्हणायच्या, "सगळं आहे तिथे. फक्त मला करायला काही नाही. सकाळी उठून मी बसायचं आणि दुसऱ्याने आणून दिलेलं प्यायचं. मला त्या खोलीची जितकी भीती वाटते ना, तितकी या गॅसचीही वाटत नाही." त्यांना वास येत नाही हे अभयला कळलं असतं, तर मयूर विहारचं हे घर त्याच आठवड्यात बंद झालं असतं. तेव्हा मी गप्प राहायचं कबूल केलं. मंजिरीला तेवढं सांगितलं, कारण काकूंच्या ओट्याच्या पलीकडेच आमचा ओटा होता आणि मधे विटांची एक भिंत. त्या भिंतीच्या अलीकडे मंजिरी उभी असायची.

मी मुळातच घाबरट माणूस. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात बसून मला मधूनच ती भिंत दिसायची. फायलीवर सही करता करता वाटायचं, आज सकाळी आपण नीट हुंगलं ना? सर्दी तर नव्हती? सर्दीची तर मी धास्तीच घेतली होती. जरा नाक चोंदलं की मी काकूंना म्हणायचो, "आज कॉफी नको." त्याही मुकाट्याने लायटर ठेवून द्यायच्या. दिवसभराचा बाकी स्वयंपाक सरोज नावाची बाई येऊन करायची, तिचं नाक शाबूत होतं. पण सकाळची कॉफी काकूंना स्वतःच्या हातानेच करायची असे आणि ती सरोज यायच्या आधी.

मी एकदा गॅस गळला की ओरडणारं यंत्र आणून दिलं. ते गॅसला ओरडलं असतं की नाही ते देवाला ठाऊक, सरोजच्या प्रत्येक फोडणीला मात्र ओरडायचं. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यातला सेल काढून टाकला. "हे सारखंच घाबरतं," म्हणाल्या. "सारखं घाबरणाऱ्याचं कोण ऐकतं?" हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. सोसायटीत गॅसची पाइपलाइन आली तेव्हा सगळ्यांनी घेतली, काकूंनी नाही. "सिलेंडर निदान संपतो तरी," त्या म्हणाल्या, "ही पाइपलाइन कधी संपणार?"

भीतीबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घाबरायचंय ना? मग उभ्याने घाबर. बसून घाबरलं की पाय जातात." ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची. पण ते त्यांनी करून दाखवलं होतं. सबनीसकाका अकाली गेले तेव्हा काकू एका मंत्रालयात स्टेनो होत्या, अभय शाळेत होता. त्याच सुमारास परदेशी कंपन्या यायला लागल्या आणि नोएडात एका जपानी कंपनीने कारखाना काढला. नोएडा म्हणजे तेव्हा अर्धी शेतं. पेन्शनची सरकारी नोकरी सोडून काकू तिथे गेल्या. ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांनी त्यांना वेड्यात काढलं. "मी काय घाबरले नव्हते?" त्या सांगायच्या. "महिनाभर जेवण जात नव्हतं. पोराचं नाव अभय ठेवलं तेही भीतीपोटीच. पण राजीनामा टाइप केला ना, तो उभ्याने."

तिथल्या जपानी साहेबांनी त्यांना कॉफी शिकवली. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या गॅसवर साहेब स्वतः पाणी उकळायचे, चिनीमातीच्या छोट्या नरसाळ्यात कागदाची गाळणी बसवायचे, त्यात दळलेली कॉफी घालायचे आणि लांब मानेच्या किटलीतून तिच्यावर बारीक धार सोडायचे. जाताना ती किटली ते काकूंना देऊन गेले. पोट गोल, मान बारीक आणि बाकदार. काकू तिला बगळा म्हणायच्या.

बगळा हातात आला की काकू वेगळ्याच दिसायच्या. पाणी उकळलं की शेगडी बंद, सिलेंडर बंद आणि मग जराशी वाट. "उकळतं ओतायचं नाही. कॉफी पोळते," त्या म्हणायच्या. आधी थोडंसंच पाणी. कॉफी फुगून वर यायची. पुन्हा वाट. मग मधोमध सुरू करून गोल गोल, दोऱ्यासारखी धार. काकूंचा हात एरवी किंचित कापायचा, तेव्हा कापायचा नाही. कप भरला की त्या तो माझ्या नाकाखाली धरायच्या. "सांग."

"छान आहे."

"छान हा काय वास झाला? नीट सांग."

मी सेक्शन ऑफिसर, मला वासांचे शब्द कुठून येणार? पण त्या सोडायच्या नाहीत. मग मी डोळे मिटून म्हणायचो, "भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. आणि थोडा... गूळ कढईला लागतो ना, तसा." काकू तेवढं ऐकून कप तोंडाला लावायच्या. त्यांच्या जिभेला फक्त कडू आणि गरम एवढंच कळायचं. बाकीचं त्या माझ्याकडून घ्यायच्या. एखादे दिवशी मी कंटाळून कालचंच सांगितलं तर बरोबर पकडायच्या. "चलो, हे कालचं झालं. आज कशाचा येतोय?" त्यांच्यामुळे मी रोज खरोखर हुंगायला लागलो. मंजिरी म्हणायची, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तू आमटीबद्दल काही बोलायला लागलास.

अशात अभय परदेश दौऱ्याहून परतला तो दुसरा बगळा घेऊन. हा विजेचा. तशीच बाकदार मान, तसंच स्टीलचं पोट, खाली बैठक आणि एक बटण. "आई, बिल्कुल सेफ आहे," तो म्हणाला. "ना गॅस, ना आग. पाणी उकळलं की आपोआप बंद. तू विसरलीस तरी ती विसरत नाही." तो गेल्यावर काकूंनी दोन्ही बगळे ओट्यावर शेजारी ठेवले आणि मला बोलावलं.

मला तर देवच पावला होता. मी म्हणालो, "काकू, विचार कसला करताय? जुनी माळ्यावर टाका."

"इतकी घाई?" त्यांनी विजेच्या बगळ्याला नुसतं बोट लावून पाहिलं. "गॅसला निदान वास आहे. मला येत नसला तरी तुला येतो. विजेला वासही नाही आणि ती दिसतही नाही. व्होल्टेज वर-खाली होतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर ही चालायची नाही, त्यावर पंखा कसाबसा फिरतो. आणि जुन्या किटलीतलं पाणी मला आवाजावरून कळतं. हिच्यात सगळं तीच ठरवणार."

"पण आग नाही ना तिच्यात."

"हो. आग नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझा जीव फार घाबरतो रे. भिंतीपलीकडे मंजिरी असते, ते मला समजतं. बरं. तुझ्यासाठी घेते हिला."

दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजायची बंद झाली. मी दोन्ही गालांची दाढी सलग करू लागलो. नुकत्याच आलेल्या मेट्रोत बसून निवांत पेपर वाचायचो, ऑफिसात भिंत दिसेनाशी झाली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला इतकं हलकं वाटत होतं की काकूंची कॉफी आता कोण हुंगत असेल, हा विचारसुद्धा फारसा आला नाही.

जूनमधला शनिवार होता. सकाळीच लाइट गेली. मी घामाघूम होऊन बाल्कनीत वारा घेत होतो, तेवढ्यात वास आला. गॅसचा नव्हे. जळक्या प्लास्टिकचा, घशाला धरणारा. आमच्या स्वयंपाकघरात धावलो, तिथे काही नाही. पण त्या भिंतीशेजारच्या खिडकीतून धुराची काळी रेघ आत येत होती. मंजिरीला "खाली जा, लगेच खाली जा" असं ओरडून मी काकूंचं दार बडवलं. उत्तर नाही. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची, ती आधी उलटीच घातली, मग दार उघडलं.

आत धूर. शेगडीच्या मोठ्या ज्योतीवर विजेचा बगळा बसवलेला होता. त्याचं बूड वितळून शेगडीवर गळत होतं आणि त्या गळणाऱ्या थेंबांना आग लागली होती. ज्योती वर चढत होत्या आणि शेगडीच्या मागेच रबरी नळी होती. मी आधी सिलेंडर बंद केला. बाथरूममधला ओला टॉवेल आणून आगीवर टाकला, मग दुसरा. आग विझली. काकू आत दिसत नव्हत्या. मनात नको ते आलं. मी बाल्कनीत गेलो तर त्या माझ्याकडे पाठ करून वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या आणि मांडीत हाताची दळणी धरून कॉफी दळत होत्या, घर्र घर्र. मागे स्वयंपाकघर जळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

झालं होतं ते इतकंच. पाणी तापत असताना लाइट गेली. हाताला वर्षानुवर्षांची सवय. बगळा बैठकीवरून उचलला आणि शेगडीवर ठेवला. तीच मान, तेच पोट. वरून स्टील दिसतं, बुडाला प्लास्टिक आहे हे कोणाच्या डोक्यात येणार?

आणि नेमका त्याच वेळी अभय आला. आईला गुडगावची खोली दाखवायला तो गाडी घेऊन येणार होता. दारातच त्याने नाकाला रुमाल लावला. शेगडी, टॉवेल, तो वितळलेला गोळा, सगळं पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. "आई, खाली गेटपर्यंत वास येतोय. तुला आला नाही?"

मी काहीतरी जुळवायला तोंड उघडलं. वायरिंगचं वगैरे. काकूंनी मला हातानेच थांबवलं.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "पडले तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. सुधीरला माहीत आहे. मीच त्याला गप्प बसवलं."

अभय मटकन खुर्चीत बसला. आधी तो माझ्यावर चिडला, ते त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. मग आईवर चिडला आणि मग रडवेला झाला. "बस. आजच चल. सामान नंतर नेऊ. यार आई, तू जळून गेली असतीस आणि मला फोन आला असता." काकू उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हातांनी त्यांनी ओट्याची कड धरली होती.

"अभय, मला आत्ता कशाची भीती वाटतेय माहीत आहे? आगीची नाही. मला आज सकाळी भीतीच वाटली नाही, त्याची. इतकी वर्षं मी शेगडीला हात लावायच्या आधी घाबरत होते, म्हणून शेजारी जाऊन घंटा वाजवत होते. ही तुझी किटली आली, तू सेफ म्हणालास, सुधीरलाही बरं वाटलं आणि माझी भीती गेली. ती गेली तशी मी गॅस पेटवला आणि खुशाल पाठ फिरवून बसले. तुझ्या टॉवरमध्ये सगळंच सेफ आहे. तिथे मी अशीच पाठ फिरवून बसेन, कायमची."

तेवढ्यात लाइट आली आणि पंखा जोरात फिरायला लागला, तसा धूर खोलीभर पसरला.

शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. अट एकच: जुनी किटली, आणि मी नाक घेऊन दारात उभा असल्याशिवाय लायटरला हात नाही. अट अभयची होती, पण ती मला बघून घातलेली होती. जाताना त्याने जिन्यात माझा हात धरला आणि सोडेचना. "सुधीर, प्लीज," एवढंच म्हणाला. मग माझी झोप उडाली. स्वतःलाच बजावत राहिलो: नाकाला वाफ घे, थंड पिऊ नको, गावाला जाऊ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा अर्धवट वाजली. मी गेलो तेव्हा काकू लायटर धरून उभ्या होत्या. "घाबरलायस?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मीपण. चलो, मग बरोबर आहे. हुंग."

दिवाळी आली आणि गेली. अभयने विषय काढला नाही, काकूंनीही नाही. थंडीतल्या एका धुरकट सकाळी मी दाढी करून, चहा घेऊन, पेपर वाचून बसलो आणि मग लक्षात आलं, घंटा वाजली नाही.

मी त्यांच्या दाराशी गेलो. घंटेच्या बटणावर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. आत गॅस भरला असला आणि घंटेची ठिणगी पडली तर? फटीला नाक लावलं. काही नाही. हलकेच दार वाजवलं, हाका मारल्या, मग किल्ली काढली. घरात कसलाही वास नव्हता. तो नव्हता याचीच मला त्या दिवशी सर्वांत जास्त भीती वाटली. स्वयंपाकघरात सिलेंडर घट्ट बंद. शेगडीवर जुना बगळा, रात्रीच पाणी भरून ठेवलेला. नरसाळ्यात कागदाची गाळणी नीट दुमडलेली, दळणीत कॉफीचे दाणे. सगळं तयार, फक्त माझी वाट बघत थांबलेलं. काकू आत पलंगावर कुशीवर होत्या. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. इतके दिवस आम्ही ज्याला भीत होतो, त्याचा यात काही संबंधच नव्हता. मी पलंगाशेजारी उभा राहिलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं.

दिवसवार झाल्यावर अभय घर आवरायला आला. मी मदतीला गेलो. भांडी, साड्या, पुस्तकं खोक्यांत गेली. बगळा तेवढा ओट्यावर राहिला होता, पाणी त्यातलं अजून तेच. अभयने ते ओतून टाकलं, नवीन भरलं आणि म्हणाला, "एक कप करूया? मला जमेल की नाही माहीत नाही." त्याने वाकून सिलेंडर उघडला, लायटर उचलला आणि शेगडीपाशी नेऊन तसाच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झालो. ओट्याखाली वाकलो, मग शेगडीजवळ गेलो आणि दोन मोठे श्वास घेतले.

"नाही वास," मी म्हणालो. "पेटवा, काकू."

अभयने मला दुरुस्त केलं नाही. त्याने लायटर दाबला.